मेहुण्याचा डोळा

दुर्बिणीच्या घुमटात जड सामान चढवायचं काम भडक्याचं. हे टोपणनाव उगाच पडलं नव्हतं. आधी हात, मग तोंड, हा त्याचा जन्माचा क्रम. स्वतःच्याच लग्नात त्याने चुलत्याचे दात पाडले होते. बायको पहिल्याच वर्षी माहेरी गेली, ती परत फिरकली नाही.

जीव होता तो धाकट्या बहिणीवर. तिचा नवरा त्याच घुमटात क्रेन चालवायचा आणि घरी तिला बडवायचा. "सोड त्याला, माझ्याकडे ये," असं भडक्याने शंभरदा विनवलं. ती काही येत नव्हती.

सोमवारी तिचा ओठ फाटलेला दिसला आणि भडक्याचं डोकं फिरलं. वर्कशॉपच्या मागे त्याने मेहुण्याला लोळवून लाथाबुक्क्यांनी तुडवलं. मेहुण्याचा उजवा डोळा सुजून पार मिटला.

दुसऱ्याच दिवशी नवा कॅमेरा चढवायचा होता. जुन्याच्या दहापट आकाश एका दमात टिपणारा, त्यामुळे शास्त्रज्ञ मंडळी हरखून गेलेली. घुमटातला नियम असा की, क्रेनवाल्याने खुणांसाठी फक्त एकाच माणसाचे हात बघायचे. ते हात भडक्याचे. मेहुणा काळा चष्मा लावून केबिनमध्ये चढला. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण मेहुणा बोलता तर काम जातं, आणि भडका बोलता तर डोळा कुणी सुजवला ते उघड होतं. दोघेही मूग गिळून बसले.

डाव्या हाताने कॅमेरा दुर्बिणीच्या कड्याशी जुळवत भडक्याने उजव्या हाताने 'हळू' दाखवलं. कॅमेरा वीतभर जास्तच खाली आला. डावा पंजा कॅमेरा आणि पोलादी कड्याच्या मध्ये सापडला, हाडं कडाकडा मोडली. गुरासारखा ओरडत त्याने उजवा हात वर केला, तेव्हा कुठे कॅमेरा उचलला गेला. तो त्याच संध्याकाळी दुसऱ्या टोळीने बसवला.

पंजा कापावा लागला. बहीण हॉस्पिटलात आली तेव्हा तिचा गाल काळानिळा होता. भडका खाटेवरून उठायला लागला. "आज त्याचा मुडदाच पाडतो."

"पडून राहा, दादा. तू त्याला मारतोस, तो घरी येऊन मला मारतो. दर वेळी. हा गाल सोमवारी रात्रीचाच आहे."

"म्हणून तर म्हणतो, माझ्याकडे ये."

"एका मारकुट्याच्या घरातून निघून दुसऱ्याच्या घरात येऊ?" तिने पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. "खोली बघितली आहे. पत्ता तुलाही देणार नाही."

तिने त्याच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला, आणि त्याचं पिऊन होताच ती निघून गेली.