तीन नावांचा दगड

माझ्या शेजारणीच्या वडिलांइतका अविश्वास सिंगापूरच्या हिरवळीवर आजवर कोणी दाखवला नसेल. निवृत्त सुभेदार, लेकीच्या कॉन्डोत राहायला आलेले. सिमेंटची वाट नसेल तर ते अर्धा मैल वळसा घेत, पण गवतावर पाऊल टाकत नसत. "साहेब, गवत म्हणजे सुरुंगाचं पांघरूण," असे मला गंभीरपणे समजावीत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, पाठीशी भिंत असलेली जागा रिकामी होईपर्यंत हातात नूडल्सचा ट्रे घेऊन ताटकळत. नात इथल्या सिंगापुरी इंग्रजीत वैतागे, "आजोबा, एनीवेअर कॅन सिट, लाह!" ते म्हणत, "तुझा लाह गोळी अडवणार आहे का?"

इथल्या टेकड्यांवर महायुद्धातल्या लढायांच्या खुणा सांगणाऱ्या पाट्या आहेत. सुभेदार ओला रुमाल घेऊन त्या पुसायला जात. एकदा बागेतल्या मुकादमाने त्यांना नवा सफाईवाला समजून झाडू दिला. त्यांनी निमूटपणे सगळी पायवाट झाडली. मग पाटीसमोर ताठ उभे राहून मला म्हणाले, "बघा, हरलेल्या लढाईलासुद्धा पाटी आहे. आणि माझी तीन पोरं?"

ती पोरं म्हणजे त्यांच्या तुकडीतले तीन शिपाई. श्रीलंकेतली यादवी थांबवायला आपली पलटण गेली होती, तेव्हा उत्तरेकडच्या एका शेतात, विहिरीजवळ, ते पडले. त्या जागी तीन नावांचा दगड लागावा, एवढी एकच इच्छा सुभेदारांची उरली होती. दगडावरचा मजकूर मी लिहून दिला. 'रणभूमी' हा शब्द त्यात चपखल बसल्याचे मला फार समाधान वाटले. ती जमीन कोणाची, हे मात्र आम्हा दोघांनाही विचारावेसे वाटले नाही.

यादवी संपून काही वर्षे झाली होती. आम्ही कोलंबोहून जाफन्याला गेलो. विहीर सापडली. भोवती लाल कांद्याचे वाफे होते आणि एक म्हातारी पाणी धरत होती. गाडीच्या चालकाने तिला आमचा हेतू सांगितला. तिने फावडे खाली ठेवले नाही. तिचे उत्तर चालक खालच्या आवाजात आम्हाला सांगू लागला: "ती म्हणते, माझे दोन्ही मुलगे त्याच दिवशी याच बांधावर मेले. मी कुठे दगड लावला? इथे दगड लावला तर पाणी कुठून नेऊ?"

कोणाच्या गोळ्यांनी, हे सुभेदारांनी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

ते बांधावर ताठ उभे राहिले. मग हजेरी घ्यावी तशी त्यांनी तीन नावे मोठ्याने उच्चारली. म्हातारी थबकली. तिने दोन नावे सांगितली आणि पुन्हा पाणी वळवू लागली. माझा मजकूर खिशातच राहिला. त्यातल्या 'रणभूमी' या शब्दाची मला आजही लाज वाटते.

परतताना विमानात ते एवढेच बोलले, "वाफे छान बांधलेत तिने."

आता ते साताऱ्याकडे, आपल्या गावी असतात. दगडाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. फोन केला की प्रकृतीचे विचारण्याआधीच म्हणतात, "साहेब, तिकडे जाफन्याला पाऊस झाला का हो?" मला काही ठाऊक नसते. मी म्हणतो, "झाला, सुभेदार. चांगला झाला."