हलकं पितळ

ओतशाळेत तिला सगळे काटेबाई म्हणायचे. काम वजनकाट्यावरचं आणि बोलणंही तसंच मोजूनमापून. भट्टीवरून आलेल्या पितळी झडपांतली एखादी उचलायची, तोलायची, मग दोऱ्याला बांधून काठोकाठ भरलेल्या तोटीच्या भांड्यात सोडायची. तोटीतून सांडेल ते पाणी मोजलं की झडपेचं आकारमान कळे. वजनाला त्यानं भागलं की घनता. ती कमी भरली तर समजायचं, वरून लख्ख दिसणारं पितळ आतून पोकळ आहे.

ही नोकरी तिला दादानं लावून दिली होती. आईवडलांमागे त्यानंच तिला वाढवलं, शिकवलं. भट्टीवरचा ओतारी तो. पितळेचा रस किती तापलाय हे नुसत्या रंगावरून सांगायचा, आणि मालकही त्याच्या शब्दाबाहेर नसत.

एके सकाळी झडप हलकी भरली. पाण्यात बुडताना हवेचा बुडबुडा चिकटला असेल म्हणून तिनं ती पुसून पुन्हा सोडली. दुसरी घेतली, तिसरी घेतली. सगळ्या हलक्या.

जेवणाच्या सुट्टीत ती दादाकडे गेली. "दादा, रस फार तापतोय. झडपा आतून पोकळ निघतायत."

"तुझा काटा तपासून घे."

"घेतला."

तो डब्याचं झाकण चाचपडत होता. झाकण त्याच्या समोरच होतं.

"कधीपासून दिसत नाही तुला?"

"दिसतं गं. रंग तेवढे विझल्यासारखे वाटतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ही खेप सोडून दे. डोळे दाखवून येतो मी."

"वाफेच्या नळावर बसतात या झडपा. फुटली तर कुणाचं तरी तोंड भाजेल."

"आणि मी कुठं तोंड दाखवू?"

संध्याकाळपर्यंत तिनं अख्खी खेप बाद केली, आणि मालकांनी विचारलं तेव्हा कारणही सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यांच्या नसा सुकल्यात, आता इलाज नाही. मालकांनी दादाला फाटकाशी बसायचं काम देऊ केलं. एक दिवस जाऊन तो परत आला तो घरीच बसला.

ती दर रविवारी त्याच्या घरी जायची. वहिनी चहा द्यायची, दादा भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. असे कितीतरी रविवार गेले. मग एकदा त्यानं अचानक विचारलं, "नव्या ओताऱ्याच्या झडपा कशा भरतात?"

होईना का एक खोटं, त्याच्याही हलक्याच भरतात म्हणून टाकावं, असं तिच्या मनात आलं. पण जीभ वळेना.

"पुऱ्या भरतात," ती म्हणाली.

"हं," दादा म्हणाला, आणि पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

पुढच्या रविवारी वहिनीनं दार अर्धंच उघडलं. "आत नको येऊस," ती हळू म्हणाली. "तुझा आवाज ऐकला की दोन-दोन दिवस जेवत नाहीत ते."

काटेबाई जिना उतरली. त्यानंतर ती त्या घरी गेली नाही, आणि कुणी बोलावलंही नाही.