एइलीने राखलेलं डांबर

एइली कोस्केलाचा पेट्रोलपंप आमच्या गावाच्या तोंडाशीच होता. मिशिगनच्या पार उत्तरेला तेव्हा तांब्याच्या खाणी जोरात होत्या. मी कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्तेखात्यात गाडी चालवायचो. हिवाळ्यात बर्फ सारायचा, उन्हाळ्यात खडी पसरायची. शनिवारी संध्याकाळी पंपावर गाड्यांची ही मोठी रांग लागे. एइली नळी धरून उभी, आणि आत शेगडीवर कॉफी उकळत असे. काय दिवस होते ते!

मग खाणी बंद पडल्या. माणसं डेट्रॉइटला गेली, गाड्याही गेल्या. पेट्रोलवरचा आणि गाडीनोंदणीचा कर राज्य सरकार एकत्र करून कौंट्यांना वाटायचं. जिथे नोंदलेल्या गाड्या जास्त, तिथे वाटा मोठा. आमचा वाटा आटत गेला.

एका वसंतात गावसभेत आमच्या खात्याच्या इंजिनियरने सांगितलं, "तळ्याकडच्या रस्त्याचं डांबर उखडावं लागेल. दुरुस्तीला पैसा नाही, खडी टाकू."

एकच गलका झाला. एइली उठली. "त्याच्यावर काय ओरडता? उन्हाळाभर तळ्याकाठच्या घरांत येऊन राहणाऱ्यांच्या गाड्या कुठे नोंदल्यात, ते विचारा!"

"आधी तुझ्या भावाला विचार!" मागून कोणीतरी म्हणालं. तिच्या भावाचा, एइनोचा, ट्रक डेट्रॉइटला, मुलाच्या पत्त्यावर नोंदलेला होता. एइनो टोपीशी चाळा करत बसला.

"विचारते की! एइनो, गाडी इथे नोंदव. तोवर माझ्याकडे कॉफी मागायची नाही."

त्याच आठवड्यात एइनो नवी नंबरप्लेट लावून आला.

मग गाडी कुठे नोंदलीय हे विचारल्याशिवाय एइलीने पंपावर येणाऱ्या एकालाही सोडलं नाही. डेट्रॉइटचा एक दंतवैद्य चिडला, "मी पेट्रोल भरायला आलोय, चौकशीला नाही."

"दात दुखला की तुम्हीही चौकशी करताच ना, डॉक्टर? आमचा रस्ता दुखतोय."

तो हसला. त्याने गाडी इथे नोंदवली. काहीजण मात्र रागावून दुसऱ्या पंपावर जाऊ लागले, ते कायमचे.

वाटा वाढला, पण पुरेसा नाही. स्मशानभूमीपर्यंत डांबर राहिलं. पुढे तळ्यापर्यंत खडी आली. ती मी खात्याच्या गाडीने सपाट करत होतो, तेव्हा एइली वाटेत उभी दिसली. आता बोलणी खावी लागणार, असं वाटलं.

"चढू का वर?" तिने विचारलं.

मी हात दिला. ती शेजारी बसली. तळ्यापाशी पोचल्यावर तिने झुडपांकडे बोट केलं. "इथे नाचघर होतं. उर्होने मला पहिल्यांदा इथेच विचारलं, नाचतेस का म्हणून." उर्हो म्हणजे तिचा नवरा.

मी इंजिन बंद केलं. मग तिला उतरायला हात दिला.