सायमनच्या उजव्या हाताची नखं

बुधवारी सकाळी पेज घेऊन माझी बायको फिलोमिना बेसमेंटमध्ये गेली आणि तिथूनच तिने मला हाक मारली. हाकेवरूनच कळलं. माझा धाकटा भाऊ सायमन गेला... त्याला आता सात आठवडे झाले. ब्रॅम्पटनमधल्या आमच्या मंडळींनी सांगितलं, त्याच्याबद्दल चार चांगले शब्द लिही. ते पुष्कळ आहेत. पण आधी मला माझं एक कबूल करायचं आहे.

आम्ही वसईचे. मी इंजिनिअर होऊन कॅनडात आलो, मागून त्याला बोलावलं आणि एका वेअरहाऊसमध्ये चिकटवून दिलं. तिथे त्याच्याबरोबर खोकी उचलणाऱ्या एका ब्राझिलियन माणसाने त्याला शोरो ऐकवलं. शोरो म्हणजे त्यांच्या पणजोबांच्या काळापासूनचं संगीत. स्टेज नाही, मानपान नाही. टेबलाभोवती गोल बसायचं आणि वाजवायचं. सायमनचं डोकंच फिरलं. नोकरी सोडून तो दोन वर्षं ब्राझीलमध्ये राहून आला आणि मग सात तारांची गिटार जुन्या व्हॅनमध्ये टाकून व्हिटबीपासून सस्काटूनपर्यंत लायब्रऱ्यांत, चर्चच्या हॉलमध्ये, वृद्धाश्रमांत वाजवत हिंडत राहिला. लग्न नाही, घर नाही. हिवाळ्यात आमच्याकडे टेकायचा तेव्हा उजव्या हाताची वाढवलेली नखं कानशीने घासत बसायचा. तार नखानेच छेडायची असते म्हणे. "बायकांसारखी नखं वाढवून पोट भरतं का रे?" हे माझं ठरलेलं. तो हसायचा. "दादा, वन्स तरी ऐकायला ये ना. जस्ट वन्स." दर मंगळवारी संध्याकाळी त्याची शोरो वाजवणारी मंडळी टोरांटोतल्या एका बेकरीत जमायची. गाडीने जेमतेम चाळीस मिनिटं. तीस वर्षांत मी गेलो नाही. नेहमी काहीतरी निघायचं... खरं सांगायचं तर माझा राग होता. मी त्याला इथे आणलं ते माणसात बसवायला, आणि हा व्हॅनमध्ये झोपत होता.

शेवटी कॅन्सरने त्याला आमच्या बेसमेंटमध्ये आणून टाकलं. डॉक्टरांनी आठवडाभराची मुदत दिली. त्याने एकच मागितलं, रविवारी त्याची मंडळी घरी येऊ देत. "एक तरी वाजवीन दादा, यू विल हिअर इट." मी हो म्हणालो, आणि मनापासून म्हणालो.

शुक्रवारी फादर शेवटच्या आजारातलं पवित्र तेल लावायला यायचे होते. कपाळाला आणि हातांना लावतात. फादर येणार म्हटलं की आमच्याकडे आजाऱ्याला पुसूनबिसून, दाढी करून, नखं कापून तयार ठेवतात. वडिलांच्या वेळी आईने तेच केलं होतं. सायमन औषधाच्या गुंगीत होता. मी नेलकटर घेतलं. आधी डावा हात केला, मग उजवा. कापताना मला काहीसुद्धा आठवलं नाही. उलट, किती दिवसांनी हात नीटनेटके दिसले म्हणून बरं वाटलं.

फादर गेल्यावर त्याला जाग आली. उजवा हात तोंडासमोर धरून तो बराच वेळ बघत राहिला.

"दादा, हे तू केलंस?"

"फादर यायचे होते ना रे..."

"महिना लागतो वाढायला," तो म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मग म्हणाला, "कॉल देम. संडे कॅन्सल कर. सांग, मी थकलोय."

मी फोन केला आणि तसंच सांगितलं. फ्युनरलला त्या सगळ्यांनी माझा हात धरून म्हटलं, त्याच्यात ताकदच उरली नसेल. मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला आजही लाज वाटते.

गेल्या मंगळवारी बेकरीत गेलो. त्यांच्यात मँडोलिन वाजवणारी मारिया आहे, सत्तरीची. तिला सगळं सांगितलं. जाऊ दे, असं ती म्हणाली नाही. एक खुर्ची ओढून मला टेबलाशी बसवलं आणि ती सगळी वाजवायला लागली. सूर ओळखीचा नव्हता, पण छान चालला होता. मध्येच सगळे एकदम थांबले, क्षणभरच, आणि पुढे निघाले. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. मला वाटलं, चुकताहेत. एक तुकडा संपल्यावर शेजारच्या माणसाला हळूच विचारलं.

"दॅट्स सायमन," तो म्हणाला. "खर्जाच्या तारेवर तो तिथे उत्तर द्यायचा."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. ते आता कधी थांबतात याची वाट पाहत मी बसून राहिलो.