चादरीखालचा लाल दिवा

मी वीज कंपनीत तंत्रज्ञ आहे. फोन आला तेव्हा ट्रान्सफॉर्मरजवळ उभी होते. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, बाबा गेले..." सकाळी डोंगा काठाला लावून, जाळं खांद्यावर घेऊन बाबा जरा टेकले, ते उठलेच नाहीत. दीड महिना होत आला. रडून झालं. आता उरलाय तो तोरा, या माणसाची मुलगी असल्याचा. तो मी मिरवणार आहे.

आमचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं आणि आम्ही पुनर्वसनाच्या वस्तीत आलो. वेगवेगळ्या गावांची माणसं एका ओळीत आणून बसवलेली. जुन्या गावात आजीला सगळे ओळखत. इथे ती नुसती एक विधवा म्हातारी, स्वतःशी पुटपुटणारी. मी तेव्हा आठवीत होते. पुस्तकात लिंबापासून वीज करायचा प्रयोग होता. प्रत्येक लिंबात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि तांब्याची तार खुपसायची आणि लिंबं एकमेकांना जोडायची. तार बाबांनीच आणून दिली. तिचं काय करणार ते मी सांगितलं, तर ते "बरं" म्हणाले, एवढंच. मी आधी टॉर्चचा बल्ब लावला. तो ढिम्म. मग मोडक्या खेळण्यातला चिमुकला लाल एलईडी जोडला आणि तो लागला... पाहायला मात्र घरात कोणी नव्हतं. लिंबं तशीच ठेवून मी शाळेला पळाले.

झाडताना आजीला खिळे टोचलेली लिंबं दिसली. असली वस्तू घरात नको म्हणून तिने ती पदरात घेऊन चौरस्त्यावर नेऊन टाकली. टाकताना तिला लोकांनी पाहिलं. समोरच्या शामरावकाकांच्या नातवाचा ताप तेव्हा कितीतरी दिवस उतरत नव्हता. आमच्या भागात एवढ्यावरून म्हाताऱ्या बायांना मारहाण झालेली आहे. दुपारी शाळेतून आले तर दारात माणसांची दाटी.

"बुढीले बाहेर काढा," शामरावकाका म्हणत होते. "करणी केली तिनं."

लिंबं आमची नाहीत, असं बाबा म्हणू शकले असते. कोणीही तेच म्हणालं असतं. ते दार अडवून बसले आणि म्हणाले, "निंबू आमच्याच घरचे हायेत. खिळे माह्या पोरीनं टोचले. काहून टोचले, ते तिलेच विचारा." मग माझ्याकडे वळले. "कर वं माय, सगळ्याइसमोर कर."

विजेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. प्रयोग त्यांनी पाहिलेलाही नव्हता. तरी स्वतःच्या आईचा जीव त्यांनी माझ्या हातात दिला.

चौरस्त्यावरच्या लिंबांना कोणी हात लावेना, मीच आणली. अंगणात मांडली, जोडली. दिवा लागेना. कोणीतरी हसलं. मी घाईघाईने तारा उपसून पुन्हा खुपसायला लागले. "टाईम घे," बाबा म्हणाले, "कोनी कुठी जाऊन नाही राहिलं." मग लक्षात आलं, घाईत एलईडी उलटा जोडला होता. फिरवला, तरी भर उन्हात काही दिसेना. तेव्हा बाबांनी दांडीवरची चादर ओढून लिंबांवर टाकली आणि शामरावकाकांचा दंड धरून त्यांना आपल्यासोबत आत घेतलं. बाहेर दोन मोठ्या माणसांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या.

मग चादरीतून शामरावकाका म्हणाले, "लागून राहिला न बे."

त्यानंतर सगळी वस्ती एकेक करून चादरीखाली जाऊन आली. बाबांनी त्याच संध्याकाळी काकांच्या नातवाला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. टायफॉइड निघाला, पोरगा बरा झाला. आजी पुढे कित्येक वर्षं जगली आणि स्वतःच्या खाटेवर गेली.

बाबा ही गोष्ट आल्यागेल्याला सांगत. "माह्या पोरीनं निंबात लाईट भरली." मी दर वेळी वैतागून समजावायची, बाबा, लिंबात वीज भरत नाहीत, ती जस्त आणि तांब्यामुळे तयार होते. ते शहाण्यासारखी मान डोलवत आणि पुढच्या पाहुण्याला पुन्हा तेच सांगत. माझं चिडणं सगळ्या वस्तीला पाठ झालं होतं.

तेरवीच्या दिवशी मांडवात शामरावकाका आमच्या नागपूरच्या पाहुण्यांना सांगत होते, "इच्या बापानं मले धरून चादरीत कोंबलं. पाह्यतो त काय, या पोरीनं निंबात लाईट भरलेली..." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते थांबले. मी आता दुरुस्ती करणार, याची वाट पाहत.

"हो काका," मी म्हटलं, "भरली होती."