मेस्त्रींचा पिवळा ठिपका

हे लिहायचं मी आठ वर्षं टाळत आलो. घरात तो विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. बायकोला वाटायचं, मला आगीची आठवण नको वाटते. आगीचं काही नाही. ती दोन मिनिटांत विझली होती.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये मला बसवेना. पेपर तीनदा वाचून झाला की गॅलरीत येरझाऱ्या. त्याच अस्वस्थपणात एक जुनी पेट्रोल पिकअप घेतली. कार्ब्युरेटरची गाडी, सकाळी चालू व्हायला अर्धा तास मिनतवाऱ्या करायला लावायची आणि कात्रजच्या घाटात धापा टाकायची. मग डोक्यात आलं, भंगारात निघालेल्या एका व्हॅनचं इंजेक्शनवालं इंजिन हिच्यात बसवावं. परवानगीच्या कागदांसाठी मी हेलपाटे घातले आणि धायरीच्या एका मेस्त्रींनी काम घेतलं. माझ्याच वयाचे, एकट्याने गॅरेज चालवणारे.

मी रोज सकाळी जाऊन त्यांच्या डोक्यावर बसायचो.

"मेस्त्री, अजून किती?"

"साहेब, हे इंजिन हाय. कुकर न्हाई, तीन शिट्ट्या झाल्या की उतरवायला."

त्यांची एक पद्धत होती. जोड आवळला, हाताने ओढून पाहिला, की त्यावर ते पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे. ठिपका दिलेल्या जागी पुन्हा बघायचं नाही, आणि एकही जोड बिनठिपक्याचा असेल तर इंजिन चालू करायचं नाही.

कार्ब्युरेटरला पेट्रोल सावकाश पोचलं तरी चालतं. इंजेक्शनला मात्र पंप ते जोरात ढकलतो. म्हणून टाकीपासूनच्या सगळ्या नळ्या त्यांनी जाड, दाब सोसणाऱ्या घातल्या. वीतभर शेवटचा तुकडा राहिला आणि त्यांना भावकीतल्या दहाव्याला जावं लागलं. गॅरेजची दुसरी चावी माझ्याकडे देत म्हणाले, "बसायचं तर बसा. हात नका लावू."

मी तासभर बसलो. झाडून काढलं. पाने पुसून मापाप्रमाणे लावले. मग जुन्या सामानाच्या डब्यात कार्ब्युरेटरची नळी दिसली. दिसायला धडधाकट, लांबीला बरोबर. नवी कुठे ठेवलीय हे शोधायलासुद्धा मी थांबलो नाही. ती बसवली, दोन्ही क्लिपा आवळल्या आणि ब्रश बुडवून ठिपका दिला. माझी सगळी नोकरी तपासणी खात्यात गेली होती. हात आपोआप गेला. सकाळी सांगू, मेस्त्री एखादा टोमणा मारतील, झालं.

सकाळी नारळ घेऊन पोचलो तर इंजिन चालू होतं. सगळीकडे ठिपके बघून त्यांनी चावी फिरवली होती. बॉनेटवर वाकून ते हसत होते. "ऐका साहेब, कसं मऊ चाललंय!"

तेव्हा सांगता आलं असतं. पण चालतंय तर आता कशाला, असं मला वाटलं.

पाचेक मिनिटांत दाबाने नळी फुटली. पेट्रोलचा फवारा तापलेल्या पाइपवर गेला आणि भडका उडाला. मेस्त्रींनी आधी मला मागे ढकललं, मग गोणपाटांनी आग दाबली. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

दवाखान्यात मी त्यांना मोसंबी सोलून देत होतो. ते छताकडे बघत म्हणाले, "नवी नळी कपाटात तशीच हाय, साहेब. आन् इंजिनात जुनी. मी ती बसवल्याचं आठवतच न्हाई. तुमी तर हात लावनार न्हाई. पन ठिपका हाय म्हंजी मीच बसवली असनार. डोकं चालंना झालं माझं."

मी म्हणालो, "वयोमानानं होतं असं, मेस्त्री."

हेच ते वाक्य, जे मी आठ वर्षं कुणाला सांगितलं नाही.

हात बरा झाला, पण त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला. एकेक नट चार-चारदा तपासायचे. तासाभराच्या कामाला दिवस लागायला लागला, गिऱ्हाईक कंटाळलं, आणि वर्षभरात त्यांनी गॅरेज बंद केलं. घरी गॅसचं बटणसुद्धा बायकोला बघायला लावतात, असं त्यांच्या पत्नीने मला हसत सांगितलं. हसताना त्यांचे डोळे भरले होते.

मी कितीदा तरी सांगायला निघालो. कधी धायरी फाट्यावर उतरून चहा पिऊन परत आलो, कधी त्यांच्या दारापर्यंत जाऊन क्रिकेटवर बोलत बसलो. शेवटचा गेलो तेव्हा ते बाहेर निघाले होते. कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि मला म्हणाले, "साहेब, तुमी बघता का जरा? लागलंय ना?"

मी ओढून पाहिलं. "लागलंय," म्हणालो.

"तुमी म्हनता म्हंजी लागलंय."

गेल्या थंडीत ते वारले. त्या दिवशी दाराशी उभं राहून मला म्हणायचं होतं ते एवढंच: मेस्त्री, ती नळी मी बसवली. ठिपकाही मीच दिला. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं, तुमचं डोकं शाबूत होतं. मला माफ करा.