काळा बिबट्या नापास करणाऱ्या काकडेबाई

आदरणीय शालिनी काकडेबाईंची आणि माझी पहिली भेट आळेफाट्यावर, एका गॅरेजच्या माडीवर झाली. तिथे 'रानझुंज' या पत्त्यांच्या खेळाची कंपनी नुकतीच उभी राहत होती. ट्रक-टेम्पोंच्या मागे वाघ नि मोर रंगवणारा मी, कार्डांवरचे प्राणी काढायला तिथे लागलो होतो. बाई तेव्हा जवळच्याच एका शाळेत गणित शिकवत. वर्गात जप्त केलेली गड्डी पर्समधून काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि मालक निलेशरावांना विचारले, "ही घोरपड कोणालाच मारता येत नाही. मग समोरच्याने बसायचं कशाला?"

निलेशरावांना वाटले, पालकांची तक्रार घेऊन आल्या असतील. पण बाई नियम वाचून, घरी यजमानांशी खेळून आल्या होत्या. घोरपड बाईंकडे होती आणि त्या प्रत्येक डाव जिंकल्या होत्या. यजमान कंटाळून उठून गेले, हे त्यांना खटकले होते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बंद पाकिटातून जे प्राणी निघतील त्यांची गड्डी बांधायची आणि समोरच्याच्या गड्डीशी झुंजायचे. अधूनमधून नवे प्राणी येतात, ते आधीच्यांपेक्षा दांडगे असतात. दांडगे किती असावेत, हे कोणाला तरी ठरवावे लागते. बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि ते काम पत्करले.

त्यांची रीत साधी होती. नवे कार्ड कच्च्या खेळाडूच्या हाती द्यायचे आणि पक्क्याला त्याच्यासमोर बसवायचे. कच्चा जिंकला तर बाई विचारत, "का जिंकलास?" त्याने आपली एखादी चाल सांगितली तर कार्ड पास. "कार्डामुळे" असे उत्तर आले की कार्ड माझ्याकडे परत. म्हणून बाईंना दांडग्या प्राण्यांचे वावडे होते असे समजू नये. माझा अजगर कंपनीतल्या बाकी सगळ्यांनी नापास केला होता, तो बाईंनी पास केला. "गिळल्यावर तो जागचा हलत नाही ना? मग समोरच्याला करण्यासारखं काहीतरी उरतं," त्या म्हणाल्या. तो अजगर पुढे सगळ्यांचा लाडका झाला.

बाईंच्या माणुसकीबद्दल लिहावे, असे या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळाने सुचवले आहे. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला दत्ता आसवले फाट्यावरच्या हॉटेलात तंदूरवर काम करी. त्याच्याकडे मोजकी, साधी कार्डे होती, पण दर रविवारी माडीवर रंगणाऱ्या खेळात तो भल्याभल्यांना घाम फोडी. त्याची आई मंचरला दवाखान्यात होती तेव्हा बाई पिंपळवंडीच्या आपल्या घरून एसटी बदलत तिथे जात. हे बाई कधी बोलल्या नाहीत, दत्ताने सांगितले. "डबा आनायच्या, आन् डब्यासंगं गड्डीबी. आईचा डोळा लागला की आमी खेळायचो. लई बरं वाटायचं, राव."

मग काळा बिबट्या आला.

चित्र माझेच होते आणि चांगले उतरले होते. बिबट्या मैदानात उतरला की समोरचा प्रत्येक प्राणी बाद, आणि त्यासाठी खेळणाऱ्याला काहीच गमवावे लागत नव्हते. शिवाय क्वचितच एखाद्या पाकिटात तो निघणार होता. बाईंपुढे दत्ताही कच्चाच, म्हणून त्यांनी तो त्याच्या हाती दिला आणि स्वतः समोर बसल्या. बाई हरल्या. पुन्हा हरल्या.

"का जिंकलास, दत्ता?"

दत्ताने कार्ड टेबलावर पालथे ठेवले. "ह्येच्यामुळं, बाई. म्या काय केलंच न्हाई."

बाईंनी बिबट्या नापास केला. निलेशराव म्हणाले, "बाई, लोकांना जड कार्डच पाहिजे असतं."

"असतं. पण ते मिळालं की खेळ संपतो, हे त्यांना कोण सांगणार?"

तरीही बिबट्या बाजारात आला. एवढ्यावर भागले असते तर मी हा लेख लिहिला नसता. पाकिटावर छापले होते: 'समतोल तपासणी: सौ. शालिनी काकडे'.

त्यानंतरच्या स्पर्धेत, फाट्यावरच्या मंगल कार्यालयात, पहिल्याच फेरीत दत्ता बाद झाला. समोरच्याकडे बिबट्या होता. दत्ता पाकीट घेऊन बाईंपाशी आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, तुमी तर ह्ये नापास केलं व्हतं. मग नाव कसं काय तुमचं?"

बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी हे कार्ड पास केलेलं नाही. माझं नाव मला न विचारता छापलंय." निलेशराव हसत म्हणाले, "बाई दमल्यात आज." आज या ग्रंथात बाईंच्या सडेतोडपणावर पानेच्या पाने लिहिणारे काही मान्यवर तेव्हा पहिल्या रांगेत होते. त्यांतला एकही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीपासून बाईंना बोलावणे बंद झाले.

वर्षभरात रविवारची टेबले रिकामी झाली. ज्यांच्याकडे बिबट्या होता त्यांच्याशी कोणी खेळेना, ज्यांच्याकडे नव्हता ते यायचे थांबले. कंपनीला चित्रकार लागेनासा झाला आणि मी पुन्हा ट्रक रंगवू लागलो. दत्ताने गड्डी विकायला काढली, पण कोणी घेतली नाही. आजही तो बाईंकडे जात नाही. बाईंनी पास केले नव्हते हे त्याला मान्य आहे, पण भर सभेत आपण त्यांना तसे विचारले, याची त्याला लाज वाटते. बाई मात्र त्याची वाट पाहतात.

आता त्याच निलेशरावांच्या अध्यक्षतेखाली बाईंची एकसष्टी साजरी होत आहे. निमंत्रण पत्रिकेत बाईंना 'समतोलाच्या जननी' म्हटले आहे. लेखाला परवानगी घ्यायला मी पिंपळवंडीला गेलो, तेव्हा बाईंचा गुडघा सुजलेला होता. "लिही," त्या म्हणाल्या, "पण गोड लिहू नकोस." सत्काराला याल का, असे विचारले. "येणार तर. शाल घ्यायच्या आधी माइक मागणार आहे."

बाईंचा गुडघा लवकर बरा होवो, त्यांना निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळो, आणि त्या दिवशी त्यांचे बोलणे पुरे होईपर्यंत माइक चालू राहो.